पोदोल्स्कची फाईल, आरोल्सेनचे कार्ड: विखुरलेल्या रशियन घराण्यांसाठी दोन शोधसेवांची पारख

रशियन स्थलांतरित घराण्यातला एखादा माणूस दुसऱ्या महायुद्धात कुठे नाहीसा झाला, हे शोधायचे तर सुरुवात दोन पोर्टलांपासून करावी. दोन्ही फुकट आहेत. एक ‘पाम्यात नारोदा’, रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचे. त्याचे मूळ कागद मॉस्कोजवळ पोदोल्स्कच्या केंद्रीय लष्करी अभिलेखागारात आहेत. दुसरे ‘आरोल्सेन अर्काइव्ह्ज’, जर्मनीतल्या बाड आरोल्सेन या लहान गावातले. नाझी छळ, सक्तीची मजुरी आणि युद्धोत्तर निर्वासित यांच्या कागदांचे भांडार. समजा, एकाच घरातला थोरला रेड आर्मीत, म्हणजे सोव्हिएत सैन्यात, जाऊन बेपत्ता झाला आणि धाकट्या बहिणीला मजूर म्हणून जर्मनीत नेले. थोरला पहिल्या पोर्टलात मिळेल, धाकटी दुसऱ्यात. एकातून दुसऱ्यात जायची वाट मात्र तयार मिळत नाही, ती आपणच बांधायची.

निकाल आधीच सांगून टाकतो. कागदांसाठी दोघांना पूर्ण गुण. शोधयंत्रासाठी पाम्यात नारोदाला पाचपैकी तीन, आरोल्सेनला साडेतीन. पडद्यावर छापून आलेली माहिती उतरवून घेणाऱ्याला आणि मूळ कागदाची प्रतिमा न उघडणाऱ्याला दोन्ही पोर्टले फसवतील. यातला प्रत्येक कागद कोणीतरी, कशासाठी तरी भरून घेतला आहे. भरून घेणाऱ्याला काय हवे होते आणि भरणाऱ्याला कशाची भीती होती, हे कळले की मगच त्यातल्या शब्दाचे वजन ठरते.

पाम्यात नारोदा

आधी २००७ मध्ये ‘ओबेदे मेमोरियल’ सुरू झाले. त्यात मृत आणि बेपत्ता सैनिक होते. २०१० मध्ये शौर्यपदकांचे ‘पोदविग नारोदा’ आले. २०१५ मध्ये हे साठे एकत्र करून, त्यांत तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या आणि नकाशे घालून पाम्यात नारोदा उभे राहिले. नवख्याने सरळ या तिसऱ्याकडे जावे. तिथे काहीच हाती लागले नाही तर तोच शोध जुन्या ओबेदेवरही एकदा करून पाहावा.

शोध सिरिलिक लिपीतच करायचा. पहिल्या फेरीत फक्त आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव; जन्मवर्ष घालायचे नाही. नावे फार आली तरच वर्ष घालावे, आणि तेही एकदा एक वर्ष मागे व एकदा एक वर्ष पुढे घेऊन, कारण भरतीच्या कागदावर वर्ष तोंडी सांगितलेले असते. ‘यो’ हे अक्षर दोन टिंबांशिवाय, साधे ‘ये’ म्हणून टाइप करावे. नावांची रूपेही बदलून पाहावीत: गाव्रिल, गाव्रिईल आणि गाव्रिला हा एकच माणूस असतो, तसेच दानिल आणि दानिईल. एवढ्यानेही जमले नाही तर आडनाव सोडूनच द्यावे आणि नाव, वडिलांचे नाव व गाव एवढ्यावर शोधावे. कारकुनाच्या हाताखाली आडनाव जितके मोडते तितके वडिलांचे नाव मोडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाते ते जन्मस्थळ. घरच्या वहीत ‘त्वेर गुबेर्निया’ (गुबेर्निया म्हणजे जुना प्रांत) असे लिहिलेले असते. सैन्याच्या कागदात मात्र ‘कालिनिन ओब्लास्त’, कारण त्वेर शहर १९३१ ते १९९० या काळात कालिनिन नावाने ओळखले जाई. निझ्नी नोवगोरोद १९३२ ते १९९० गोर्की होते, समारा १९३५ ते १९९१ कुइबिशेव, पेर्म १९४० ते १९५७ मोलोतोव. व्यात्का १९३४ मध्ये किरोव झाले ते आजतागायत तेच आहे. शिवाय १९२० च्या दशकात गुबेर्निया आणि उयेझ्द (जिल्हा) ही जुनी विभागणी मोडून ओब्लास्त (प्रांत) आणि रायोन (जिल्हा) आले, तेव्हा कितीतरी गावे वेगळ्याच जिल्ह्यात गेली. म्हणून गावाचे नुसते नाव घेऊन त्याचा १९४० सालचा जिल्हा आधी नकाशावर शोधावा आणि मग पोर्टलाकडे वळावे. हे न करता बसलेल्या माणसाची गत काखेत कळसा अन् गावाला वळसा अशी होते.

समजा नाव सापडले. एकाच माणसाच्या तीन-चार नोंदी असतील आणि त्या एकमेकींशी जुळणार नाहीत. अशा वेळी तुकडीने युद्ध चालू असताना पाठवलेला नुकसानीचा अहवाल सगळ्यांत वर धरावा. त्यात हुद्दा, पक्षसदस्यत्व, जन्मवर्ष, जन्मस्थळ, कोणत्या भरती कार्यालयाने बोलावले, कधी आणि कशाने गेला, कुठे पुरला, आणि नातेवाइकाचे नाव व पत्ता असे रकाने असतात. शेवटचा रकाना सोन्याचा: तिथे आईचे किंवा बायकोचे नाव आणि तेव्हाचा पत्ता मिळतो, आणि हा तोच माणूस की दुसरा, हे बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते.

दुसरी नोंद भरती कार्यालयाची, बहुधा १९४६-४७ सालातली. युद्ध संपल्यावर जे परतले नाहीत त्यांच्या घरी जाऊन चौकशी झाली आणि याद्या केल्या गेल्या. त्यांतली ‘बेपत्ता, डिसेंबर १९४१’ ही तारीख रणांगणावरची नाही. शेवटचे पत्र कधी आले ते घरच्यांना विचारून, त्यात काही महिने मिळवून ती हिशेबाने बसवलेली असते. ती खरी मानून त्या महिन्यातली लढाई शोधत बसणे हा या पोर्टलावरचा सर्वांत सामान्य घोटाळा आहे. माणूस ऑगस्टच्या वेढ्यातच गेलेला असू शकतो किंवा कैदेत वर्षभर जगलेलाही असू शकतो. यादीत शेवटच्या पत्राचा लष्करी टपाल क्रमांक दिला असेल तर तो धागा पकडावा. त्यावरून तुकडी काढता येते. १९४३ पासून हे क्रमांक पाच आकडी आहेत.

तिसरी नोंद स्मारकाच्या यादीची. इथे सावध राहावे. युद्धानंतर विखुरलेल्या कबरी एकत्र करून मोठ्या सामूहिक कबरी केल्या गेल्या, आणि त्यांवरची नावे कागदावरून चढली. काही गावांच्या स्मारकांवर तर त्या गावातून गेलेल्या सगळ्यांचीच नावे आहेत. दगडावर नाव आहे याचा अर्थ देह तिथे आहे असा धरू नये.

इतकी माणसे बेनाव का राहिली, याचे एक कारण अगदी लहान वस्तूत आहे. सैनिकाला एबोनाइटची छोटी कुपी मिळे, आत नाव-गावाच्या कागदाच्या दोन प्रती. पुष्कळांनी तो कागद भरलाच नाही; भरला तर मरण येते अशी समजूत होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये कुपीची पद्धतच बंद झाली आणि कागदी सैनिकपुस्तिका तेवढी उरली, जी जमिनीत टिकत नाही.

पदकांच्या कागदांबद्दल थोडक्यात. ‘ऑर्डर’, म्हणजे पदकाहून वरचा सन्मान, मिळाली असेल तर बहुधा सविस्तर शिफारसपत्र असते: काय केले, कधी, किती वेळा जखमी, घरचा पत्ता. ‘शौर्यासाठी’ किंवा ‘लढाईतील सेवेसाठी’ अशी पदके मात्र रेजिमेंटचा कमांडरच देऊ शके, त्यामुळे तिथे आदेशातल्या दोन-तीन ओळींवर समाधान मानावे लागते. १९८५ ची ‘पितृभूमीचे युद्ध’ ही ऑर्डर हयात सैनिकांना सरसकट दिली गेली आणि तिची कार्डेही पोर्टलात आहेत. परदेशी गेलेल्या शाखेला हे कार्ड फार उपयोगाचे: मागे राहिलेला भाऊ किंवा चुलतभाऊ युद्धातून वाचला होता का, याचे उत्तर तिथे मिळते.

पोर्टल प्रत्येक नावाखाली ‘युद्धमार्ग’ म्हणून एक नकाशा दाखवते. दिसायला तो सुरेख आहे, पण ती वाट तुकडीची असते. तुमचा माणूस दोन महिने रुग्णालयात पडून होता हे त्या नकाशाला माहीत नसते. नोंदी एकत्र जोडण्याचे कामही यंत्रच करते, म्हणून कधी दोन इव्हान एकात मिसळतात, तर कधी एकाचेच दोन होतात. जोडणी आपल्या डोळ्यांनी तपासून मगच मान्य करावी.

जर्मन कार्ड: दोन पोर्टलांमधला पूल

पाम्यात नारोदातला सर्वांत मोलाचा कागद सोव्हिएत नाहीच. युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मनांनी भरलेले ‘पर्सोनालकार्टे’ हे ते कार्ड. युद्धानंतर सोव्हिएतांच्या हाती लागून ते पोदोल्स्कला पोचले. जर्मनांनी सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले आणि त्यांतले ३० लाखांहून अधिक कैदेतच मेले. सगळ्यांची कार्डे झाली नाहीत आणि झालेली सगळी उरली नाहीत. पण जे उरले आहे त्यात सोव्हिएत कागद कधीच देत नाही अशी माहिती असते. फोटो, उजव्या तर्जनीचा ठसा, उंची, केसांचा रंग, पकडल्याची तारीख आणि जागा, पकडताना धडधाकट होता की जखमी, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव. आणि एक रकाना धर्माचा.

रेड आर्मीचा फॉर्म ‘पक्षात आहेस का’ विचारतो, जर्मन फॉर्म ‘धर्म कोणता’ विचारतो. अनेक कार्डांवर तिथे ‘ऑर्थोडॉक्स’ असते, अगदी १९२० नंतर जन्मलेल्यांच्याही. यावरून श्रद्धेचा निष्कर्ष मात्र काढू नये. रशियन म्हटल्यावर कारकुनाने ते सवयीनेच लिहिले असणेही शक्य आहे. आईच्या माहेरच्या आडनावाचे तसे नाही. ते कैद्याला विचारल्याशिवाय कुणाला कळणार नव्हते. म्हणून त्याला जास्त वजन द्यावे. क्रांतीपूर्व चर्चच्या नोंदींत मागे जायचे तर त्याच आडनावाने दार उघडते.

जर्मन कारकुनाने ऐकले तसे लिहिले, पुढे सोव्हिएत अनुवादकाने ते पुन्हा रशियनमध्ये आणले, आणि पोर्टलाची सूची बहुधा त्या अनुवादावर बेतलेली आहे. झुकोव हे आडनाव घ्या. जर्मन ते एस-सी-एच-यू-के-ओ-डब्ल्यू असे लिहितात. तेच स्पेलिंग परत रशियनमध्ये वाचताना ‘शुकोव’ होऊ शकते, आणि मग झुकोव शोधणाऱ्याला तो जन्मात सापडत नाही. आडनावात ‘झ’ किंवा ‘श’ असेल तर दोन्ही रूपांनी शोधावे. गावांच्या नावांचे हाल तर याहून वाईट असतात. तिथे जिल्ह्याच्या नावावरून अंदाज बांधत जावे लागते.

कार्डाची मागची बाजू आवर्जून उघडावी. छावण्यांच्या बदल्या, मजूर-तुकड्या, टोचलेल्या लशी हे सगळे तिथे असते. शेवटची नोंद मृत्यूची असेल तर प्रश्न मिटला. ‘गेस्टापोच्या’ (नाझी गुप्त पोलिसांच्या) ‘हवाली’ अशी असेल तर त्या दिवसापासून तो युद्धकैदी राहिला नाही. पुढचा माग छळछावणीत, म्हणजे आरोल्सेनच्या कागदांत. कार्ड नुसतेच थांबले असेल तर सुटका, पलायन किंवा परतलेल्यांची सोव्हिएत ‘फिल्टरेशन’ तपासणी, तिन्ही शक्यता उघड्या राहतात. १६ ऑगस्ट १९४१ च्या २७० क्रमांकाच्या आदेशाने शरण जाणे देशद्रोहाच्या पंक्तीला बसले होते. कैदेतून सुटणे हे अनेकांसाठी आगीतून फुफाट्यात पडणे ठरले, आणि घरी त्यांच्याविषयी कुणी बोलेनासे झाले.

आरोल्सेन अर्काइव्ह्ज

जुने नाव इंटरनॅशनल ट्रेसिंग सर्व्हिस. सुमारे ३ कोटी कागद, सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांविषयी. २०१३ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत समावेश झाला. २०१९ मध्ये नाव बदलले आणि त्याच वर्षी ऑनलाइन साठा खुला झाला. नोंदणी न करता पाहता येतो.

कागदांचे विभाग आकड्यांनी ओळखले जातात आणि ते लक्षात ठेवणे फायद्याचे. १ ने सुरू होणारे छळछावण्या व तुरुंग. २ ने सुरू होणारे परदेशी मजुरांच्या नोंदी, म्हणजे ‘ओस्टआर्बाइटर’ (सोव्हिएत प्रदेशातून नेलेले मजूर) बहुधा इथे. ३ ने सुरू होणारे युद्धानंतरचे विस्थापित, म्हणजे डीपी, आणि त्यांच्या स्थलांतराचे कागद. ६ ने सुरू होणाऱ्यांत नंतरच्या काळात कुणी कुणाचा शोध घेतला त्याचा पत्रव्यवहार. हा शेवटचा विभाग लोक विसरतात. १९५० च्या दशकात एखाद्या आईने मुलाबद्दल विचारणा केली असेल तर तिचा तेव्हाचा पत्ता तिथे असू शकतो.

इथले शोधयंत्र पाम्यात नारोदापेक्षा सुटसुटीत आहे, पण स्पेलिंगचे दुखणे तेच. वरचा झुकोव जर्मन यादीत एस-सी-एच ने, इंग्रज किंवा अमेरिकन यादीत झेड-एच ने, पोलिश हाताखाली टिंबाच्या झेडने आणि फ्रेंच कागदात जे ने सुरू होऊन दोन एफने संपतो. चारही टाकून पाहावेत. ‘च’ साठी जर्मन टी-एस-सी-एच, पोलिश सी-झेड, इंग्रज सी-एच. बायकांची आडनावे अनेकदा नवऱ्याच्या पुल्लिंगी रूपात चढवलेली असतात, म्हणून ‘इव्हानोवा’ मिळाली नाही तर ‘इव्हानोव’ शोधावी. जन्मतारखेत युरोपीय हाताचा १ इंग्रज डोळ्याला ७ दिसतो, आणि अमेरिकन याद्यांत दिवस-महिना उलटतो. १ मार्चचा माणूस ३ जानेवारीला सापडला तर दचकू नये. सूची करण्याचे बरेच काम स्वयंसेवकांनी केले आहे आणि ते अजून चालू आहे. आज न मिळालेले नाव पुढच्या वर्षी मिळू शकते.

खरी कसोटी डीपी कार्डांची. इथे लोक खोटे बोलले आणि त्यांच्याकडे कारण होते. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा करारानंतर सोव्हिएत नागरिकांना परत पाठवायचे ठरले, गरज पडल्यास बळानेही. पण १ सप्टेंबर १९३९ च्या सोव्हिएत सीमेबाहेर राहणाऱ्यांना पाश्चात्त्य दोस्तांनी सोव्हिएत नागरिक मानले नाही. ही बातमी छावण्यांत पसरायला वेळ लागला नाही. सोव्हिएत पोल्तावाचा माणूस पोलिश व्होलीनियाचा झाला, कुर्स्कचा माणूस पोलिश गालिसियाचा. रशियनच राहायचे असेल तर युगोस्लाव्हियात वाढलेले, क्रांतीनंतर पळालेल्यांचे राज्यहीन मूल, ही ओळख सोयीची होती.

डीपी नोंदणी कार्डावरचा ‘१ जानेवारी १९३८ रोजी कायमचा पत्ता’ हा रकाना म्हणून सर्वांत संशयास्पद धरावा. ‘राष्ट्रीयत्व’ हा रकाना तर कार्डावरच ‘दावा केलेले राष्ट्रीयत्व’ असा आहे. छापणाऱ्यालाही अंदाज होता. मग विश्वास कशावर ठेवायचा? भाषांच्या रकान्यावर. बोलता येणाऱ्या भाषा तिथे सराईतपणाच्या क्रमाने लिहायच्या असत. पोलंडमध्ये जन्मलो, वाढलो म्हणणाऱ्याच्या यादीत पोलिश शेवटी असेल किंवा नसेलच, तर जन्मस्थळ बनावट. व्यवसाय, आईचे माहेरचे आडनाव, मुलांची नावे आणि वये, धर्म, यांत लोकांनी कमी हात घातलेला दिसतो, कारण त्यांच्यामुळे कुणी परत पाठवले जात नव्हते.

एकाच माणसाचे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवावेत: १९४५-४६ चे नोंदणी कार्ड, नंतरचा मदत-अर्ज (इंटरनॅशनल रिफ्युजी ऑर्गनायझेशनचा, संग्रहात तो ‘सीएम-१’ म्हणून ओळखला जातो), आणि जहाजाची यादी. सीएम-१ मध्ये मागच्या दहा-बारा वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या महिन्यावार लिहाव्या लागत, घरी परत का जायचे नाही ते सांगावे लागे, आणि वर अधिकाऱ्याचा शेरा असे. खोटी कहाणी महिन्यावार लिहिताना कुठेतरी उसवते. त्यापुढचा चौथा कागद नव्या देशातल्या नागरिकत्वाच्या फाईलमध्ये असतो. भीती ओसरली असेल तर खरे गाव तिथे पहिल्यांदा दिसते. पण आधीच्या खोट्याशी विसंगत बोलण्याचीही भीती असे, तेव्हा तिथेही आंधळा विश्वास नको.

चर्चच्या वह्या

दोन्ही पोर्टलांत पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदी नाहीत आणि त्यांच्याशिवाय काम अर्धेच राहते. क्रांतीपूर्व मेट्रिक वह्यांत जन्म, विवाह, मृत्यू असे तीन भाग. जन्माच्या नोंदीत जन्माची आणि बाप्तिस्म्याची अशा दोन तारखा, आईबापांची नावे, वर्ग, धर्म, आणि धर्ममातापित्यांची नावे. धर्ममातापिता वाचायचा कंटाळा करू नये, ते बहुधा नातेवाईकच असतात. वह्या दोन प्रतींत होत्या, एक पॅरिशची आणि एक धर्मप्रांताच्या कार्यालयाची. एक जळाली तरी दुसरी राज्य अभिलेखागारात असू शकते. जुन्या (ज्युलियन) पंचांगाची तारीख नव्यात (ग्रेगोरियनमध्ये) आणताना सरसकट १३ दिवस मिळवण्याची चूक फार होते. १९ व्या शतकातल्या तारखांना १२ दिवस. १३ दिवस मार्च १९०० पासून.

खेड्यात बाळाचे नाव संतांच्या दिनदर्शिकेवरून पडे. हे तपासणीचे उत्तम साधन आहे. तात्याना आजच्या २५ जानेवारीच्या (जुने पंचांग १२ जानेवारी) आगेमागे, गेओर्गी ६ मेच्या (२३ एप्रिल), इल्या २ ऑगस्टच्या (२० जुलै). निकोलायचे दोन सण, २२ मे आणि १९ डिसेंबर. कार्डावर इल्याचा जन्म फेब्रुवारीत दिसला तर तारीख चुकली असेच नाही, पण दुसरा पुरावा मागावा. नाव जितके विरळ तितकी ही कसोटी धारदार.

परदेशातल्या पॅरिश वह्या शोधताना आधी विचारायचे: चर्च कोणाच्या अधिकाराखाली? स्थलांतरितांची चर्च एक नव्हती. रशियाबाहेरील ऑर्थोडॉक्स चर्चची सिनॉड (बिशपांचे कार्यकारी मंडळ) युगोस्लाव्हियातल्या स्रेम्स्की कार्लोव्हत्सीत होती, युद्धानंतर म्युनिकला आणि १९५० मध्ये न्यूयॉर्कला गेली. मॉस्कोशी तिचे ऐक्य १७ मे २००७ रोजी झाले. पॅरिसच्या रू दारूवरच्या अलेक्सांद्र नेव्हस्की कॅथेड्रलभोवतीची मंडळी १९३१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या छत्राखाली गेली आणि २०१९ मध्ये मॉस्कोकडे आली. अमेरिकेतली जुनी मेट्रोपोलिया, म्हणजे तिथली रशियन ऑर्थोडॉक्स शाखा, १९७० मध्ये पूर्ण स्वतंत्र (ऑटोसेफलस) झाली. डीपी छावणीतल्या तात्पुरत्या चर्चमध्ये लागलेल्या लग्नाची वही यांपैकी कुठे गेली, ते त्या पुरोहिताच्या पुढच्या नेमणुकीवरून शोधावे लागते. छावणीच्या नावावरून शोधत बसलात तर वर्षे जातील.

शोध लागल्यावर बरीच घरे मृताचे नाव प्रार्थनेसाठी देतात. चिठ्ठीत आडनाव लिहीत नाहीत. फक्त बाप्तिस्म्याचे नाव, चर्चच्या रूपात आणि षष्ठीत. इव्हान तिथे इओआन्न होतो, येगोर आणि युरी दोघेही गेओर्गी, अक्सिन्या म्हणजे क्सेनिया. सैनिकाच्या नावाआधी ‘वोइना’ लावतात, मारला गेलेला असेल तर ‘उबिएन्नोवो’. बाप्तिस्मा झाला होता का, हे माहीत नसेल तर आधी पुरोहिताला विचारावे; क्रांतीनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न नेहमी येतो. दिवस तीन: ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार म्हणजे रादोनित्सा, ८ नोव्हेंबरच्या आधीचा दिमित्रीचा शनिवार, आणि १९९४ च्या बिशपसभेच्या ठरावानुसार ९ मे. पैसे घेऊन परस्पर चिठ्ठ्या पोचवणारी मध्यस्थ संकेतस्थळे आहेत, त्यांची गरज नाही. चिठ्ठी कोणत्याही पॅरिशमध्ये स्वतः देता येते.

कोण सापडणार नाही

नोव्हेंबर १९२० मध्ये बोल्शेविकविरोधी सेनापती व्रांगेलच्या सैन्याबरोबर क्रिमियातून सुमारे दीड लाख माणसे जहाजांनी बाहेर पडली. त्यांच्या मुलाबाळांचे युद्ध पाम्यात नारोदात नाही, कारण ते रेड आर्मीत नव्हते. त्यांतले काही युगोस्लाव्हियात जर्मनांच्या बाजूने उभ्या केलेल्या रशियन कोरमध्ये गेले. काही नेमके उलट दिशेला: फ्रेंच प्रतिकार चळवळीतले बोरिस विल्दे आणि अनातोली लेवित्स्की २३ फेब्रुवारी १९४२ रोजी पॅरिसजवळ माँ-वालेरियाँ येथे गोळ्या झेलून गेले; ज्यूंना आसरा देणारी माता मारिया स्कोब्त्सोवा ३१ मार्च १९४५ रोजी राव्हेन्सब्रुक या नाझी छळछावणीत मेली, २००४ मध्ये तिला संतपद मिळाले. १ जून १९४५ रोजी ऑस्ट्रियातल्या लिएन्झजवळ ब्रिटिशांनी सोव्हिएतांच्या हाती दिलेल्या कोसॅक घरांत ९ मे हा विजयदिन म्हणून सहज साजरा होत नाही. अशा घरासाठी काम करताना कोणत्या बाजूचा कागद निघेल हे आधीच सांगून ठेवावे. या शाखांसाठी फ्रान्स आणि सर्बियातल्या दफनभूमींच्या याद्या जास्त उपयोगी पडतात. पॅरिसजवळच्या सेंत-झनव्हिएव्ह-दे-ब्वामध्ये १९२७ पासून रशियन दफने झाली आणि तिथे जुन्या रेजिमेंटांचे वेगळे भाग आहेत.

सोय आणि गैरसोय

पाम्यात नारोदा आणि संरक्षण मंत्रालयाची इतर संकेतस्थळे रशियाबाहेरून कधी उघडतात, कधी नाही. म्हणून सापडलेली प्रतिमा त्याच बैठकीत उतरवून ठेवावी, फाईलच्या नावात फोन्द (संग्रह), ओपिस (सूची) आणि देलो (फाईल) हे तिन्ही क्रमांक घालून. नुसता दुवा जपणे व्यर्थ. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवल्यापासून परदेशी कार्डाने प्रादेशिक अभिलेखागारांची फीही भरता येत नाही. मेट्रिक वहीची प्रत हवी असेल तर रशियात राहणारा कोणी लागतो. दडपशाहीच्या बळींची मोठी यादी करणारी ‘मेमोरियल’ संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने विसर्जित केली; परत आलेला कैदी पुढे छावणीत गेला असा संशय असेल तर त्या यादीत जरूर पाहावे.

आरोल्सेनकडे लेखी विचारणाही फुकट आहे, पण उत्तराला महिने लागतात, त्यामुळे पत्र पहिल्याच वेळी नीट लिहावे. नाव मूळ सिरिलिकमध्ये आणि तुम्हाला माहीत असलेल्या प्रत्येक रोमन स्पेलिंगमध्ये द्या. जन्मतारीख दोन्ही पंचांगांनी. जन्मस्थळ खरे आणि कागदावर सांगितलेले, दोन्ही, कोणते कोणते ते स्पष्ट करून. आईबापांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, धर्म, बरोबरच्या मुलांची नावे, छावणीचे किंवा शेतमालकाच्या गावाचे नाव, जहाज आणि वर्ष. युद्धकैदी असेल तर पर्सोनालकार्टेवरचा कैदी क्रमांक आणि छावणीचा क्रमांक दोन्ही एकत्र लिहा, कारण एकच कैदी क्रमांक वेगवेगळ्या छावण्यांत वेगवेगळ्या माणसांना मिळालेला असतो.